पाल पाजणारी शाळा

आमच्या घरात थापा मारायचा मक्ता पूर्वापार माझ्याकडे आहे. आदिलाबाद जिल्ह्यात, म्हणजे तेलुगू मुलखात, तामसीच्या अंगाला आमचं गाव. तिथल्या मराठी शाळेत मी मास्तर होतो, आणि माझ्या हाताखालून गेलेली पोरं आता स्वतः बाप झाली तरी सांगतात, की आमच्या मास्तरांच्या लहानपणी पऱ्हाटी इतकी उंच व्हायची की कापूस वेचायला शिडी लागायची. बाया सकाळी वर चढल्या की दुपारचं जेवण वरच करायच्या. एका पोरानं विचारलं होतं, "मंग खाली कशा उतरत होत्या, गुरुजी?" मी म्हणालो, "कापसाचं गाठोडं आधी खाली टाकायचं आणि त्यावर उडी मारायची." तो पोरगा पुढं पोलीस झाला. अजून भेटला की माझ्याकडे संशयानं बघतो.

तर सांगायचं म्हणजे, माझी नात एक दिवस शाळेतून आली, दप्तर फेकलं आणि संध्याकाळी सगळे घरी आल्यावर म्हणाली, "आमच्या शाळेत पाल पाजतात." घरात कोणी मानसुद्धा वर केली नाही. सून कणीक मळत होती, ती म्हणाली, "गेली आज्यावर." मुलगा मोबाईलमधून तोंड न काढता म्हणाला, "एवढ्यातच? पाचच वर्साची तर हाय."

मला मात्र अभिमानानं भरून आलं. काय तयारी म्हणावी. पाल चारतात नव्हे, पाजतात. नवशिका माणूस 'खाऊ घालतात' म्हणून मोकळा झाला असता आणि थाप तिथंच मेली असती. 'पाजतात' म्हटलं की ऐकणारा थांबतो. कशी पाजत असतील, उकळून का गाळून, असं त्याच्या डोक्यात सुरू होतं. मी पोरीला जवळ घेतलं आणि एका कारागिरानं दुसऱ्याला विचारावं तसं विचारलं, "कशातून पाजतात?"

"गिलासातून," ती म्हणाली. "वर झाकन रायते."

झाकण. मी मनातल्या मनात गादी तिच्या नावावर करून टाकली.

पण ती हसत नव्हती. थाप मारणाऱ्याच्या डोळ्यांत कुठंतरी एक दिवा लागलेला असतो, तो मला आरशात बघून माहीत आहे. पोरीच्या डोळ्यांत तो नव्हता.

आमचा संसार तेव्हा नुकताच आदिलाबादला लागून असलेल्या मावला गावात आला होता. मुलगा आदिलाबादच्या एका कचेरीत कामाला. सुनेला त्याच वर्षी नोकरी लागली, नार्नूरकडच्या एका मराठी शाळेत मास्तरीण म्हणून. सकाळची बस हुकली तर दिवस हुकला, असा तो रस्ता. म्हणून मी आणि माझी बायको गाव सोडून पोरांजवळ राहायला आलो. म्हैस भावाकडे ठेवली. तिचं दूध पहिल्या बसनं बाटलीतून यायचं आणि मुलगा स्टँडवरून घेऊन यायचा. ती म्हैस इतकं दूध द्यायची की भाऊ म्हणे बाकीचं दूध तो बैलांना अंघोळीला वापरतो. ही थाप त्याची आहे, माझी नाही. खानदानी आहे.

सुनेच्या नोकरीचा सगळ्यात जास्त आनंद कोणाला झाला असेल तर माझ्या बायकोला. तिनं उभी जवानी दुसऱ्याच्या वावरात कापूस वेचण्यात घालवली. सून पहिल्या दिवशी पर्स खांद्याला लावून निघाली तेव्हा बायको तिच्या मागं मागं बस स्टॉपपर्यंत गेली होती, नवरीला वाटे लावावं तशी. परत आली आणि म्हणाली, "आपल्या घरची बाई वावराकडे पाठ करून गेली, मी डोळ्यानं पाह्यलं." मग दिवसभर तिनं कोणाशी भांडण केलं नाही. यावरून आनंद किती मोठा होता ते समजून घ्या.

नातीला बाजूच्याच गल्लीतल्या शाळेत घातलं. शाळेची पाटी इंग्रजीत, आतला कारभार तेलुगूत. आणि आमची पोरगी गावात वाढलेली, तिला मराठीशिवाय दुसरं काही ऐकायची सवय नाही. शाळेत एक आयम्मा होती. पोरांना घ्यायची, नाक पुसायची, मधल्या सुट्टीत खाऊपिऊ घालायची. बाई अशी धिप्पाड की दारात उभी राहिली की वर्गात संध्याकाळ व्हायची. आवाज असा की तिनं गेटवरून हाक मारली तर स्टँडवरची बस थांबून मागं यायची. पोरीनं पहिल्याच दिवशी तिचं नाव ठेवलं, राकेसीन.

पाल पाजते असं पोरगी जिच्याबद्दल म्हणाली ती हीच बाई.

आठवडाभरात प्रकरण हाताबाहेर गेलं. पोरगी शाळेत दात घट्ट आवळून बसायची. पाणी नाही, खाऊ नाही, शब्द नाही. घरी आली की मात्र अख्खी टोपली भाकरी संपवून टोपलीकडं बघत बसायची. शाळेतून फोन आला, की लेकरू तोंडच उघडत नाही, लहान आहे अजून, पुढच्या वर्षी आणा. हेही एक वेळ चाललं असतं. आम्ही दोघं म्हातारे घरात होतोच, सांभाळली असती. पण पोरीच्या डोक्यात पुढचं चक्र सुरू झालं होतं. तिची आई रोज कुठं जाते? शाळेत. आणि शाळेत काय करतात? पाल पाजतात.

एका सकाळी सून निघाली तशी पोरीनं तिच्या कमरेला मिठी मारली. "तुह्या शाळेतबी पाजतात का?"

"नाई वं माय. कोनी नाई पाजत."

"तू खोटं बोलते. तुले पाजतात, अन् तू सांगत नाई."

मग रोज तेच. सकाळी उठायची ती आईचा पदर मुठीत धरूनच. आई आंघोळीला गेली तर दाराशी बसून राहायची. बस निघून जायची, सून मागच्या बसनं जायची, तिथं पोचेपर्यंत प्रार्थना होऊन पोरांचे पाढे सुरू झालेले. नवी नोकरी. तिथल्या मोठ्या सरांनी एकदा समजावलं, दुसऱ्यांदा समजावलं, तिसऱ्यांदा समजावलं नाही, नुसतं घड्याळाकडं बघितलं. सून घरी येऊन म्हणाली, "मामाजी, ह्या सोमवारीबी हे असंच झालं ना, तर मी सोडून देतो नोकरी. लेकरू वाळून राह्यलं माह्यासाठी."

बायको चुलीजवळून उठली. "सोडाची नाई."

"मंग काय करू, आत्याबाई?"

"ते मले नाई मालूम. पन सोडाची नाई."

आणि माझ्याकडे बघून म्हणाली, "तुमी एवढे शिकलेले. जा ना त्या शाळेत. पाहून या काय पाजतात त्."

आता इथं माझ्या तेलुगूबद्दल सांगायला हवं. तेलुगू मला मातृभाषेसारखी येते. कापसाचा भाव, बसची वेळ, तहसिलातली पहाणीची म्हणजे सातबाऱ्याची नक्कल, एवढ्या विषयांवर मी कोणत्याही तेलुगू पंडिताशी बोलू शकतो. ज्याची गरज पडली तेवढी शिकलो. ज्याची पडली नाही ती राहिली. हे ध्यानात ठेवा, पुढं कामाला येईल.

गेलो शाळेत. आयम्मा गेटवर. मी छाती काढून तेलुगूत सुरुवात केली, की मी पोरीचा ताता, म्हणजे आजा. इथपर्यंत ठीक झालं. पण पालीला तेलुगूत काय म्हणतात ते मला माहीत नव्हतं. आयुष्यात पाल कधी विकली नाही की विकत घेतली नाही. हिंदीत विचारता आलं असतं, पण तेलुगूत सुरू केलेलं भाषण हिंदीत संपवणं हा हार मानण्याचा प्रकार झाला. मी हाताचा पंजा भिंतीवर लावला आणि बोटं हलवत हलवत वर चढवला. जीभसुद्धा काढून दाखवली. आयम्मा दोन पावलं मागं सरकली. मग तिला काहीतरी उमगल्यासारखं झालं. तिनं मान हलवली, चेहरा दुःखी केला आणि म्हणाली, "पापा पालु तागदु, ताता."

मी जागच्या जागी थिजलो. पालु. बाईनं स्वतःच्या तोंडानं कबूल केलं होतं. मला समजावं म्हणून शब्दसुद्धा मराठीच वापरला होता, नुसता शेवटी उकार लावून. पुढचं तर उघडच होतं. पापा म्हणजे पोरगी, पालु म्हणजे पाल, तागदु म्हणजे ताकद. पोरीला पालीनं ताकद येते.

घरी येऊन मी सगळ्यांना बसवून सांगितलं. शब्द जसेच्या तसे सांगितले असते तर मुलाच्या डोक्यात प्रकाश पडला असता, तो दिवसभर तेलुगूतच काम करतो. पण दुसऱ्याचं बोलणं जसंच्या तसं सांगणं ही माझी पद्धत नाही. मी म्हणालो, "त्या बाईचं म्हननं असं हाय, का पालीत ताकद रायते. मागच्या अंगणात त्यायनं पाली पाळल्या हायेत. एकेक हातभर. एक तर माह्याकडे पाहून उठून उभी राह्यली."

मुलानं हात जोडले. "बाबा, राहू द्या ना. एक लेकरू काय कमी हाय घरात, त्यात तुमी."

सून हसली नाही. ती उठून आत गेली. बायको माझ्याकडं अशी बघत राहिली की मला वाटलं हिनं बोलावं, शिव्या द्याव्यात. आणि कोपऱ्यात पोरगी मान डोलवत होती. म्हणजे बघा, सगळ्या घरात आम्हा दोघांचं एकमेकांवर विश्वास ठेवण्यावाचून भागत नव्हतं. ती खरं बोलत होती आणि तिला थापाडी ठरवलं होतं. मी थाप मारत होतो आणि तिला ती खरी वाटत होती.

शनिवारी आदिलाबादला भाजी आणायला गेलो तर टॉकीजवर पोस्टर. लहान मुलांचा कार्टूनचा सिनेमा. राक्षसांचा. पण सगळे राक्षस हसरे. एक तीन डोळ्यांची म्हातारी राक्षसीण, पांढरा अंबाडा, गवताच्या गंजीएवढी, मांडी घालून बसलेली, आणि तिच्या पुढ्यात मुठीएवढा माणसाचा पोरगा. मी तिथंच ठरवलं, पाल पाजतात की नाही ते नंतर बघू, आधी पोरीची भीती काढू. काट्यानं काटा निघतो. जिला एका राकेसिणीची भीती आहे तिला गावभर राकेस दाखवावेत. एक पाहिला की भीती वाटते, शंभर पाहिले की वैताग येतो.

घरी मात्र असं सांगून चाललं नसतं. सुनेला कानोसा लागलाच. "मामाजी, आधीच पोरगी भेली हाय. अन् तुमी तिले राकेसाचा सिनेमा पाहाले नेऊन राह्यले?"

"कोन म्हनते राकेसाचा? म्हशीचा सिनेमा हाय," मी म्हणालो. "एक पोरगा रायते, त्याची म्हैस हरपते."

बायकोनं डोळे बारीक केले. "म्हशीवर कोनी सिनेमा काढते का? मी येतो संगं. पाहातो कोनती म्हैस हाय त्."

रविवारी दुपारच्या खेळाला तिघं ऑटोत बसून गेलो. सोमवार तोंडावर आलेला. सून दारात उभी होती, हात हलवत नव्हती. पर्स खुंटीला टांगलेली होती, आणि बायकोनं निघताना त्या पर्सवरची धूळ पदरानं पुसली. धूळ नव्हतीच.

टॉकीजमध्ये अंधार झाला आणि पडद्यावर पहिलं जे आलं ते शिंग. मग दुसरं शिंग. बायको माझ्या कानाशी येऊन म्हणाली, "हे म्हैस व्हय का?"

"थांब ना. येईल."

सिनेमा तेलुगूत होता. गोष्ट अशी, की एका सुकलेल्या तळ्याच्या खाली राक्षसांचं गाव असतं आणि त्या बिचाऱ्यांना माणसांची भयंकर भीती. आया आपल्या पोरांना सांगतात, गुमान झोप, नाहीतर माणूस येईल. आणि एक माणसाचा पोरगा वाट चुकून त्यांच्यात पडतो. हे मला चित्रं बघून समजलं. पण आपल्याला भाषा समजते आहे हे नातीला समजायला हवं होतं, म्हणून मी मोठ्यानं भाषांतर सुरू केलं. राक्षस नुसता "रा रा", म्हणजे ये ये, म्हणाला तरी मी दोन-चार वाक्यं सांगत होतो. एक जण जांभई देत होता, त्याची मी फेरफाराची तक्रार सांगितली. पुढच्या रांगेतली मराठी पोरं माना वळवून माझ्याकडंच बघायला लागली. पडद्याकडे कोणी बघेना.

मागून एक माणूस वाकून हळूच म्हणाला, "ताता, मेल्लगा."

बायको दचकली. "कोन मेला गा?"

"कोनी नाई मेलं," मी म्हणालो. "तो म्हन्ते, हळू बोला."

"मंग मेला काऊन म्हन्ते?"

"तेलुगूत हळूले मेल्लगाच म्हन्तात."

"असं कसं. हळू बोलाले मरा लागते का?" ती म्हणाली आणि पदराआड खुदकन हसली. पोरगी दोघांच्या मधे बसून आमच्याकडं आळीपाळीनं बघत होती. हळूच पुटपुटली, "मेल्लगा." जिभेवर गोळी फिरवून बघावी तसं.

तेवढ्यात ती पोस्टरवरची म्हातारी राक्षसीण आली. अख्खा पडदा भरून गेला तिनं. अंगाचा रंग निळा, अगदी आमच्या विहारावरच्या झेंड्यासारखा. नात माझ्या दंडाला घट्ट धरून बसली. माझा माझ्याच इलाजावरचा विश्वास डळमळला, कारण काट्यानं काटा निघतो हे खरं, पण कधी कधी आतच मोडतो. बायकोनं मात्र त्या राक्षसिणीला खालपासून वरपर्यंत न्याहाळलं आणि निकाल दिला.

"निळी हाय. मंजी आपलीच."

"आपली?" नात म्हणाली.

"मंग. काई करत नाई ते. पाह्य, आंबाडाबी माह्यासारखाच घातला."

पडद्यावर पोरगा भुकेनं रडत होता. राक्षसीण आत गेली आणि गोठ्यातून एक जनावर ओढत घेऊन आली. सहा पाय, पाठीवर शेवाळ, कान केळीच्या पानाएवढे. पण शिंगं मागं वळलेली, रंग काळा आणि चेहऱ्यावर तोच भाव, की जगाचं काहीही होवो, मला पेंड द्या. मी बायकोला कोपर मारलं. "म्हैस." तिनं शिंगं नीट पाहिली आणि मान्य केल्यासारखी मान हलवली. आयुष्यात इतक्या सरळपणे माझी थाप कधी खरी झाली नव्हती.

राक्षसिणीनं त्या म्हशीची धार काढली, चुलीवर भांडं ठेवलं, वर झाकण घातलं. मग ते भांडं पोरासमोर धरून, टॉकीजचे पंखे हलतील अशा आवाजात, पण गोड, म्हणाली, "बुज्जी, पालु तागु."

नातीची नखं माझ्या दंडात रुतली. "आबा. पाजून राह्यली."

पडद्यावरच्या पोरानं दात आवळले. हुबेहूब आमच्या पोरीसारखे. डोळे घट्ट मिटले. राक्षसीण पुन्हा म्हणाली, "बुज्जी, पालु तागु." तेच शब्द. नंतर समजलं, शाळेत आयम्मा रोज तिच्यासमोर झाकणाचा गिलास धरून नेमकं हेच म्हणायची, आणि पोरगी डोळे मिटून घ्यायची, म्हणून आत काय आहे ते तिनं कधी पाहिलंच नव्हतं. आताही तिनं डोळे मिटले. पण बायकोनं तिचं तोंड दोन्ही हातांत धरलं. "डोये उघड. आपली बाई हाय ते. पाह्य काय देते त्."

झाकण निघालं. वाफ आली. राक्षसिणीनं भांडं कलतं केलं, आणि आतून आलं पांढरं. पांढरंशुभ्र, फेसाळ, वर साय. पोरानं एक डोळा उघडून घोट घेतला आणि त्याच्या ओठावर पांढरी मिशी उमटली. टॉकीजभर पोरं हसली.

आमची पोरगी खुर्चीवर उभी राहिली.

"आबा."

"काय?"

"ते दूध हाय."

"मंग काय असन?"

"ते पालु हाय," ती म्हणाली. एकेक शब्द सावकाश, पाढा म्हणावा तसा. "पालु मंजी पाल नाई. पालु मंजी दूध."

मला गेटवरचं आयम्माचं वाक्य आठवलं. पापा पालु तागदु. पोरगी दूध पीत नाही. बिचाऱ्या बाईनं दुःखानं सांगितलं होतं, लेकरू दूध पीत नाही हो, आणि मी तिच्या अंगणात हातभर लांब पाली सोडून आलो होतो. आता तुम्ही म्हणाल, आदिलाबाद जिल्ह्यात जन्म गेला आणि दुधाची तेलुगू माहीत नाही? कुठून असणार? दूध मी कधी विकत घेतलंच नाही. घरी म्हैस होती ना. म्हशीशी आम्ही मराठीतच बोलतो. आणि घरातल्या ज्यांच्या कानावर हा शब्द रोज पडतो, त्यांचंही काय चुकलं? मराठीत पाल म्हटलं की माणूस भिंतीकडे बघतो, गिलासाकडे नाही.

मागचा तो मेल्लगावाला माणूस पुढं वाकला. मला वाटलं आता हा चिडणार. पण त्यानं सगळं ऐकलं होतं. म्हणाला, "हौ ताता. पालु बोले तो दूध. बच्ची सही बोल रही." आणि हसायला लागला. त्यानं आपल्या बायकोला सांगितलं, बायकोनं शेजारणीला सांगितलं, आणि ते हसू रांगारांगांतून पुढं सरकत गेलं. मी सांगतो तुम्हाला, पडदा हलत होता. राक्षससुद्धा गोष्ट थांबवून आमच्याकडं बघत होते.

बायको हसत नव्हती. तिनं पोरीला मांडीवर ओढून घेतलं होतं आणि तिच्या पाठीवरून हात फिरवत नुसती म्हणत होती, "दूध होतं माय. दूधच होतं." तिचा श्वास असा सुटला की जणू दिवसभराचं गाठोडं आताच डोक्यावरून उतरवलं.

घरी आलो तर सून दारातच. पोरीनं ऑटोतून उडी मारली. "आई, तुह्या शाळेत पालु पाजतात का?"

सुनेचं तोंड पडलं. तिला वाटलं, पुन्हा तेच. थकून म्हणाली, "नाई वं माय."

"पाजतात ना. तू म्हनली होती, मोठ्या सुट्टीत च्या करतात. मंग पालु लागते त्यात." आणि पोरगी कमरेवर हात ठेवून आईला शिकवायला लागली. "पालु मंजी दूध वं, आई. तुले एवढंबी नाई येत?"

सून उंबऱ्यावर बसली. मग तिच्या चेहऱ्यावर एकेक गोष्ट जागेवर बसताना मी पाहिली, आणि ती जी हसायला लागली ती पदर तोंडात कोंबूनही थांबेना. मुलगा बाहेर आला, त्यानं कपाळाला हात लावला आणि म्हणाला, "बाबा, त्या आयम्मानं तुमाले काय म्हनलं होतं? शब्द सांगा. जसेच्या तसे." मी सांगितले. जन्मात पहिल्यांदा. तो भिंतीला टेकून खाली घसरला.

सोमवारी सुनेनं पर्स खुंटीवरून काढली तेव्हा सगळं घर श्वास धरून उभं. पोरीनं पदर धरला नाही. केस विंचरून घेत होती, तिथूनच म्हणाली, "जाय ना. बस जाईल." सून गेली. बस मिळाली. बायको स्टॉपवरून परत येऊन मला म्हणाली, "खिडकी भेटली तिले," आणि पाणी प्याली, लोटाभर.

मी नातीला शाळेत सोडलं आणि मधल्या सुट्टीपर्यंत गेटपाशीच घुटमळत राहिलो. आयम्मानं मला पाहिलं आणि हातातलं झाडणं जरा घट्ट धरलं, तिचंही बरोबर होतं. मग ती गिलास घेऊन आली. "बुज्जी, पालु तागु." पोरीनं दात आवळले नाहीत. पण लगेच प्यालीही नाही. झाकण बोटानं वर केलं, एक डोळा मिटून आत पाहिलं, नीट, तळापर्यंत. मग गटागटा संपवून टाकलं आणि गिलास पुढं धरून म्हणाली, "इंका." आणखी. हा शब्द कधी शिकली देव जाणे. आयम्मानं गिलास खाली ठेवला आणि तिला उचलून घेतलं, आणि त्या गंजीएवढ्या अंगावर माझी नात चिमणीएवढी दिसायला लागली. निळी साडी होती बाईची. हे मी पदरचं सांगत नाही, बायकोलाही दाखवलं.

मी हार पत्करली आणि आयम्माला सगळं हिंदीत सांगितलं. पाल म्हणजे काय हे कळल्यावर ती इतकी हसली की आतल्या वर्गातली पोरं सुट्टी झाली समजून बाहेर आली. तेव्हापासून मी दिसलो की ती भिंतीवर पंजा चढवून दाखवते आणि जीभ काढते.

नातीची तेलुगू आता माझ्यापुढं गेली आहे. आईची काळजीही तीच घेते. सून सकाळी घाईत तशीच निघाली की पोरगी फाटकाशी उभी राहून, शेवटचा उकार मुद्दाम गिळून, गल्लीभर ऐकू जाईल असं ओरडते, "आई, पाल पिऊन जाय." सून परत येते, उभ्यानं गिलास रिकामा करते, ओठ पुसते आणि बसकडे पळते. नोकरीत आता कोणी घड्याळाकडं बघत नाही.

मागच्या महिन्यात समोरच्या खोल्यांत नवे भाडेकरू आले. पैनगंगेच्या पलीकडचे, तेलुगूचा गंध नाही. पहिल्याच सकाळी त्यांच्या बाईनं पोरीची ती हाक ऐकली, सुनेला गिलास तोंडाला लावताना पाहिलं, आणि आपली दोन्ही लेकरं आत घेऊन दार लावून घेतलं. संध्याकाळी भीत भीत मला विचारायला आली, "आबाजी, तुमच्या इकडे, ते, खरंच पितात का?"

बायकोनं आतून माझ्याकडं डोळे वटारले. मी गंभीर झालो.

"उकळून," मी म्हणालो.